लिथियमचा घेर

"बाईंचा आकडा चुकलाय," दत्तारामनं कात्री खाली ठेवत जाहीर केलं. नवऱ्याला दुसऱ्याची चूक सापडली की त्यातून काहीतरी भलतंच निघतं, हा जानकीचा संसारातला अनुभव होता.

"काय चुकला?" तिनं तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"हे बघ ना. लिथियम, नंबर तीन, घेर एकशेबावन्न इंच. बेरिलियम, नंबर चार, एकशेअकरा. बोरॉन पाच, अठ्ठ्याऐंशी. कार्बन सहा, सत्त्याहत्तर. नायट्रोजन सात, चौऱ्याहत्तर. ऑक्सिजन आठ, सहासष्ट. आणि शेवटचा तो फ्ल्युओरिन, नंबर नऊ, चौसष्ट! नंबर वाढतोय आणि माप घटतंय. असं कधी असतं काय?"

दत्ताराम पेडणेकर घाटकोपरच्या भटवाडीत, चढाच्या पायथ्याशी शिलाई मशीन घेऊन बसायचा. त्याआधी अठरा वर्षं तो गिरणीत कापड विणायच्या साच्यावर उभा होता. संप झाला, संप लांबला, आणि गिरणीचं गेट त्याच्यासाठी पुन्हा काही उघडलं नाही. मग मशीन घेतलं. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "कापड विणणारा माणूस, तो काय शिवणार?" असं म्हणत लोक त्याच्याकडे फक्त साडीला फॉल लावायला आणि पँटची उसवलेली शिलाई घालायला यायचे. अख्खा नवा कपडा शिवायला कुणी द्यायचं नाही.

दिला तो अहिरे बाईंनी. विमला अहिरे चढावरच्या मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवत. त्यांनी एक ब्लाउज शिवून घेतला, तो अंगाला बसला, आणि त्या थेट मुख्याध्यापकांना जाऊन म्हणाल्या, "सर, विज्ञान प्रदर्शनाचे कपडे आपल्या पेडणेकर मास्तरांकडे द्या." आपल्या मुंबईत शिंप्याला मास्तरच म्हणतात, पण दत्तारामला तसं म्हणणारं हे पहिलंच माणूस. त्या दिवशी घरी येऊन त्यानं जानकीला तीनदा सांगितलं होतं, "बाई मला मास्तर म्हणाल्या."

मुख्याध्यापक चौबळ सर सावध गृहस्थ. ते म्हणाले, "आधी हे सात कपडे बघू. निरीक्षक साहेबांसमोर नीट झाले, तर जूनच्या गणवेशांचं मी कमिटीपुढे ठेवतो." चारशे गणवेश! एवढं काम मिळालं की वर्षाची चूल निश्चिंत, आणि पुन्हा कुणाची 'गिरणीवाला काय शिवणार' म्हणायची टाप नाही. म्हणजे सगळं या सात कपड्यांवर आलं होतं.

कपडेही साधे नव्हेत. बाईंच्या डोक्यातली कल्पना अशी की नववीची सात मुलं सात अणू होणार. कापडाचे मोठे गोळे अंगात घालायचे, मधोमध नेफ्यात वेताची कडी, छातीवर अणूचं नाव आणि नंबर, आणि नंबर असेल तितकी लाल बटणं, म्हणजे इलेक्ट्रॉन. पुस्तकात अणूच्या मापाचा जो आकडा, तितके इंच घेर. रांगेतला आठवा, निऑन, कुणाशीच हात मिळवत नाही, त्याचं माप घ्यायची रीत वेगळी, म्हणून बाईंनी त्याला वगळलं होतं. हे सगळं त्यांनी मास्तरांना समजावून सांगितलं होतं. फक्त आकडे उतरते का, एवढंच सांगायचं राहिलं.

"बाईंनी घाईत यादी उलटी उतरवली," दत्ताराम म्हणाला. "मुलांच्या कपड्यात बावीस नंबरपेक्षा चोवीस मोठा, चोवीसपेक्षा सव्वीस मोठा. नंबर वाढला की माप वाढतं. हा शिलाईचा कायदाच आहे."

"तुमच्या चष्म्याचो नंबर वाढलो, तेवा नजर वाढली काय?" जानकी म्हणाली.

"तू गप गं. चष्मा काय कपडा आहे?"

"तर मग बाईंका जाऊन इचारा ना."

"विचारू? एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना तोंडावर सांगू तुमची चूक झाली म्हणून? मला काम देणारं ते एकच माणूस. नाय नाय. आपण गुपचूप सुलटं करून टाकायचं. बाईंची अब्रू राहील."

बघा, माणूस किती चांगला! उपकारकर्तीची अब्रू राखायला त्यानं सगळ्या यादीची उलथापालथ केली. लिथियमला चौसष्ट, फ्ल्युओरिनला एकशेबावन्न. टेप साठ इंची, त्यामुळे फ्ल्युओरिनचा घेर मोजायला अडीच टेपा लागल्या. मुलांच्या उंच्या आणि गळे त्यानं आधीच जाऊन घेतले होते, ते तसेच ठेवले. अक्षरं दुहेरी शिलाईनं बसवली, ओढून तुटणार नाहीत अशी.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला नवरा-बायको गाठोडी घेऊन शाळेत हजर झाली. निरीक्षक अकराला येणार होते. अहिरे बाईंनी मुलांना वर्गात उभं केलं आणि म्हणाल्या, "चला, घाला."

भीमराज हा नववीतला सगळ्यात थोराड मुलगा, म्हणून तो लिथियम. त्यानं कपडा घातला आणि तो गोळा दिसायच्या ऐवजी पडवळासारखा दिसायला लागला. हात हलवायची सोय नव्हती. शकु ही वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, ती फ्ल्युओरिन. तिनं कपडा घातला आणि ती दिसेनाशीच झाली. चार फूट रुंद पिवळ्या गोळ्यातून फक्त आवाज आला, "बाई, मी फ्ल्युओरिन. मी सगळ्यात लहान."

बाई बाकावर बसल्या.

"मास्तर, हे उलटं झालंय हो."

"उलटं नाय बाई," दत्ताराम अदबीनं, हळू आवाजात म्हणाला, "तुमचं उलटं होतं, मी सुलटं केलं. कुणाला बोललो नाय."

बाईंनी डोळे मिटले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, माझंच चुकलं. कारण सांगितलं असतं तर तुम्ही असं केलं नसतं. ऐका. अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन. बाहेरून इलेक्ट्रॉन फिरतात, त्यांना प्रोटॉन आत ओढतात. या सातही जणांना कवचं दोनच. पण लिथियममध्ये ओढणारे तीन आणि फ्ल्युओरिनमध्ये नऊ. ओढणारे वाढतात, म्हणून गोळा आवळत जातो. नंबर वाढतो, आकार घटतो."

दत्तारामनं बोटं मोजली, आधी तीन, मग नऊ. मग त्यानं फाडकन कपाळावर हात मारून घेतला.

"नाडी!"

"काय?"

"परकराची नाडी हो बाई! कापड तेवढंच, नेफा तोच. तिघांनी ओढली तर घेर मोकळा, नऊ जणांनी ओढली तर गच्च! अहो, आणि सुताचं पण तसंच. वीस नंबर सूत जाडं, ऐंशी नंबर बारीक. अठरा वर्षं सूत हाताळलं मी, आणि म्हणे नंबर वाढला की माप वाढतं! वाट लागली माझ्या अकलेची."

अहिरे बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. अकरा वर्षं त्या हा धडा फळ्यावर शिकवत होत्या आणि अकरा वर्षं मुलं तो घोकून टाकत होती. परकराची नाडी त्यांनाही कधी सुचली नव्हती.

तेवढ्यात चौबळ सर आले. त्यांनी पडवळ बघितलं, बोलणारा गोळा बघितला, आणि खिशातला रुमाल काढला. "अहो, काय हे! कपड्यांची नुसती अदलाबदल करा. नावावर कागद डकवा."

तेही करून बघितलं. भीमराजला शकुचा कपडा चढवला. पण तो शिवला होता शकुच्या गळ्याच्या मापानं. भीमराजचं डोकं कानांपर्यंत गेलं आणि तिथंच अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. जानकीनं त्याच्या कानांना खोबरेल लावलं आणि दोघांनी दोन्हीकडून ओढून त्याला बाहेर काढलं.

"मग तू तुझ्याच कपड्यात राहून शकुचं भाषण म्हणशील का रे?" सरांनी त्याला विचारलं.

"सर, मला फक्त 'मी लिथियम' येतं," भीमराज कान चोळत म्हणाला. "ते पण बाईंनी तीन आठवडे घेतलं."

"संपलं," चौबळ सर म्हणाले. "पेडणेकर, गणवेशाचं आता विसरा." आणि ते निरीक्षकांच्या स्वागताचे हार बघायला निघून गेले.

दत्तारामच्या हातातला टेप लोंबत राहिला. जानकीला त्याच्याकडे बघवेना. गिरणीचं गेट बंद झालं त्या दिवशी त्याचा चेहरा असा झाला होता.

"मास्तर," अहिरे बाई म्हणाल्या, "शाळेच्या शिवणवर्गात मशीन आहे. अडीच तास आहेत. तुम्हाला जमेल."

"बाई, अजून तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"ब्लाउज अजून एका टाक्यानं उसवलेला नाही. उठा."

झालं. दत्ताराम उठला. कार्बन मधोमध, त्याचं माप इकडून मोजा नाहीतर तिकडून, सत्त्याहत्तरच. तो सुटला. फ्ल्युओरिन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या मोठ्या कड्या काढून लहान घातल्या आणि नेफ्यातून नाडी ओढून घेर आवळले. छान बारीक चुण्या पडल्या आणि शकुचं डोकं वर आलं. हे अर्ध्या तासात उरकलं. पण बोरॉन, बेरिलियम आणि लिथियम यांना कापड वाढवायला हवं होतं. शिलाई उसवून मधे कळ्या घालायच्या, तर पिवळं कापड उरलेलं जेमतेम. ते बोरॉन आणि बेरिलियम यांनीच खाल्लं. लिथियमला अजून अठ्ठ्याऐंशी इंच घेर हवा होता.

जानकीची नजर व्हरांड्यात गेली. निरीक्षकांच्या टेबलावर नवाकोरा हिरवा टेबलक्लॉथ घातलेला होता.

"नको हां," दत्ताराम म्हणाला.

"मी घेते," अहिरे बाई म्हणाल्या, आणि त्यांनीच जाऊन तो आणला.

पावणेअकराला लिथियमच्या बाजूनं हिरव्या कळ्या लागल्या. पक्की शिलाई घालायला वेळ नव्हता. जानकीनं हातानं धावदोरा मारला, बटणं तरी आधीपासून नंबराप्रमाणे बरोबर लागली होती म्हणून देवाचे आभार मानले, आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

शिक्षण निरीक्षक शिवदास टिपणीस यांना पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे उघडं टेबल. चौबळ सरांना घाम फुटला. मग मुलं एकेक करून आली. शेवटी भीमराज वर्गातून निघाला, पण दार साडेतीन फुटी आणि लिथियम चार फुटी! तो आडवा वळला, कसाबसा निसटला, आणि त्या ओढाताणीत त्याचं एक लाल बटण तुटून घरंगळत निरीक्षकांच्या बुटाशी गेलं.

"हे काय पडलं?" टिपणीस साहेबांनी विचारलं.

"मी लिथियम!" भीमराज ओरडला. त्याला तेवढंच येत होतं.

"साहेब, तो त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन," अहिरे बाई चटकन म्हणाल्या. "लिथियम मोठा, बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब. पकड ढिली, म्हणून तो लगेच सुटतो."

शकुनं पुढे होऊन बटण उचललं आणि आपल्या चुण्यांत खोचलं. "आणि मी फ्ल्युओरिन. मी लहान, माझी पकड घट्ट. मी तो घेते."

टिपणीस साहेब खुर्चीत पुढे सरकले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी थर्मोकोलचे ज्वालामुखी शेकड्यांनी पाहिले होते, पण इलेक्ट्रॉन देणारा मुलगा पहिल्यांदाच. "झकास! आणि याचे हे हिरवे भाग म्हणजे बाहेरचं कवच ना? वा! हे कुणी केलं?"

"हे आमच्या मास्तरांनी केलं सगळं," चौबळ सर घाईघाईनं म्हणाले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या दत्तारामकडे बोट दाखवलं.

आता मास्तर म्हटल्यावर निरीक्षक काय समजणार? पांढरा सदरा, नाकावर चष्मा, कपाळावर घाम. हाडाचा शिक्षकच.

"या मास्तर, या. मला सांगा, एकाच रांगेत पुढे गेलं की आकार का घटतो?"

दत्तारामनं घाबरून बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली: बोला.

"साहेब, नाडी," तो म्हणाला. आणि एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर त्यानं परकर, नेफा, तिघांची ओढ आणि नऊ जणांची ओढ सगळं हातवारे करून सांगितलं. मुलं पुढे सरकून ऐकायला लागली.

"आणि रांगेत पुढे न जाता लिथियमच्या खाली उतरलं तर? सोडियम? तिथं तर ओढणारे अकरा आहेत. मग तो लहान व्हायला हवा."

हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. दत्तारामनं सदऱ्याचं टोक चिमटीत धरून मनातल्या मनात सोडियमचा कपडा बेतला.

"साहेब, कवचं किती त्याला?"

"तीन."

"मग त्याला एक अस्तर जास्त लागलं की! आतली दोन अस्तरं असली की नाडीची ओढ बाहेरच्याला कुठं पोचते? बाहेरचा मोकळाच राहणार. सोडियम मोठा."

"शाब्बास!" टिपणीस साहेबांनी उघड्या टेबलावर थाप मारली, शेरेबुक ओढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "'विज्ञान शिकवणारे मास्तर उत्तम आहेत. असा माणूस शाळेने हातचा जाऊ देऊ नये.'" खाली झोकात सही.

टाळ्या पडल्या. चौबळ सरांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. अहिरे बाईही वाजवत होत्या, मनापासून, पण नजर खाली होती. दत्तारामनं ते पाहिलं. अकरा वर्षं शिकवलं बाईंनी, आणि शेरा मिळाला त्याला. तोंड मिटून राहिलं की सर खूश, गणवेश आपले. तोंड उघडलं की सगळी सकाळ बाहेर येणार. जानकीनं त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. गप्प राहणं तिलाही पटत नव्हतं.

"साहेब," दत्ताराम म्हणाला, "चूक होतेय. मी शिकवणारा मास्तर नाय. मी शिवणारा मास्तर. टेलर. हे कपडे मीच उलटे शिवले होते, आणि बाईंनी मला समजावलं म्हणून सुलटे झाले. तुमचा टेबलक्लॉथ पण त्यातच गेला. मला गिरणीतून घरी बसवलं तेव्हापासून या एका बाईंनी मला मास्तर म्हटलंय, साहेब. त्यांचं नाव माझ्या नावानं खोडायला मला जमणार नाय."

चौबळ सर भिंतीला टेकले. शेरेबुकाची पानं नंबर घातलेली, त्यातलं पान फाडता येत नाही, आणि सरकारी शेऱ्यात एका टेलरला विज्ञानशिक्षक केलेलं!

टिपणीस साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पेन उघडलं आणि फक्त एक अक्षर खोडून शेजारी बारीक सही केली. शेरा आता असा झाला: 'विज्ञान शिवणारे मास्तर उत्तम आहेत. असा माणूस शाळेने हातचा जाऊ देऊ नये.' काढलेला 'क' त्यांनी वाया घालवला नाही. खाली नवी ओळ लिहिली: 'विज्ञान शिकवणाऱ्या बाई त्यांच्याहून उत्तम आहेत.'

अहिरे बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या म्हणाल्या, "मास्तर, नाडीसाठी मी तुमची आभारी आहे. खरंच." दत्ताराम त्यांच्या पायाच पडायला निघाला होता, बाईंनी त्याला वरच्यावर उठवलं.

पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक झाली. एक सभासद स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानासाठी हटून बसले होते. चौबळ सरांनी शेरेबुक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सरकारी शेऱ्याविरुद्ध ठराव कोण करणार? काम दत्तारामला मिळालं.

शाळेचं पत्र भटवाडीत आलं तेव्हा दत्तारामनं ते उभ्यानंच वाचलं, आणि मग हसत हसत जानकीपुढे धरलं. शाळेच्या कारकुनाच्या कानावर गेले काही दिवस 'शिकवणारे की शिवणारे' हाच वाद पडत होता. त्यानं टाईप केलं होतं: 'शाळेचे चारशे गणवेश शिकवण्याचे काम आपणास देण्यात येत आहे.'

"आता गणवेशांका तुमी काय शिकवतलात?" जानकी म्हणाली. "जावा, बदलून आणा."

दत्तारामनं पत्राची नीट घडी घातली आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवली.

"रवांदे तो 'क'," तो म्हणाला. "बाईंचोच आसा."